कसोटीची कसोटी

सोन्याचा कस पाहावयाचा असला म्हणजे सोनार तें एका काळ्या दगडावर घांसतो आणि उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा खरेखोटेपणा सांगतो. त्या दगडाला कसोटी म्हणतात. पुढें मनुष्याच्या शीलाची, विद्येची व मैत्रीची जी परीक्षा होते तिलाही भाषेनें तेंच नांव दिलें. परंतु तो दगडच तेलकट झाला असला तर? दोष सोन्यांत नसून दगडांत आहे, हें कोणीं व कसें ओळखावें? वाण्याच्या तागडीची दांडी एका बाजूस झुकत असली, तर घेतलेली साखर त्याच तागडींत दहा वेळां तोलून चूक उघडकीस येत नाहीं. उलट, दहाही वेळां तेंच वजन भरल्यामुळें गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र दृढ होतो.

विजेच्या शास्त्रांत हा प्रश्न अधिकच बिकट आहे. विजेला रूप नाहीं, रंग नाहीं, गंध नाहीं. तिच्याविषयीं जें कांहीं कळावयाचें तें उपकरणाच्या कांट्याकडूनच कळतें. घरांतील रेडिओ बिघडला तर तो गप्प बसतो किंवा खरखरूं लागतो, आणि लहान मूलही तो बिघडल्याचें सांगूं शकतें. मापनयंत्राचें तसें नाहीं. तें बिघडलें तरी पुष्कळदां पूर्वीच्याच गांभीर्यानें आकडा दाखवीत राहतें. फक्त तो आकडा खोटा असतो. कुंपणानेंच शेत खाल्लें तर राखण कोणी करावी, असा हा पेंच आहे. म्हणून मापनयंत्रांतील दोष हुडकणें व तो दुरुस्त करणें ही रेडिओच्या दुरुस्तीहून निराळी विद्या ठरली. तिला दीडशें वर्षांहून अधिक इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ एका मोठ्या नुकसानींत सांपडतो. 1858 सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकलेली तार सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोंचण्यास सुमारें 16 तास लागले, तरीही दोन्ही किनाऱ्यांवर उत्सव झाले. परंतु तारेचें आवरण मुळांतच कच्चें होतें. संदेश क्षीण येतात हें पाहून कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनीं तींत सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब सोडला, आणि थोड्याच आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, यांचें मत याच्या अगदीं उलट होतें. दाब वाढविण्याऐवजीं मोजणारें उपकरण अधिक नाजूक करावें, असें ते म्हणत. त्यांनीं एका इवल्याशा आरशास लोहचुंबकाचे तुकडे चिकटवून असा गॅल्व्हनोमीटर बनविला होता कीं, अत्यल्प प्रवाहानेंही भिंतीवरील प्रकाशाचा ठिपका हलावा.

समुद्रतळाची तार तुटली म्हणजे दोष कोठें आहे हें किनाऱ्यावर बसूनच ओळखावें लागतें. फुटक्या जागेपर्यंतच्या तारेचा रोध कळला कीं त्यावरून अंतर काढतां येतें. पण रोध मोजावयाचा कोणत्या मापानें? त्या वेळीं एकानें एक माप वापरावें, दुसऱ्यानें दुसरें, असा प्रकार होता. थॉमसन यांच्या सूचनेवरून 1861 सालीं ब्रिटिश असोसिएशननें रोधाचें प्रमाण ठरविण्यासाठीं एक समिति नेमली. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल हेही त्या कामांत सामील झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत तारेचें वेटोळें गरगर फिरवून प्रयोग करण्यांत आले आणि 1865 सालापासून प्रमाणभूत रोधाचीं वेटोळीं ठिकठिकाणीं धाडण्यांत आलीं. जगाला एक कसोटी मिळाली.

आणि ती कसोटी चुकीची होती! 1880 नंतरच्या दोन-तीन वर्षांत केंब्रिज येथें लॉर्ड रॅले यांनीं तो रोध पुन्हां मोजला, तेव्हां समितीचें माप सुमारें सव्वा टक्क्यानें कमी असल्याचें आढळून आलें. जें माप प्रमाण मानून पंधरा वर्षें तारा मोजल्या गेल्या, तें मापच आंखूड होतें. तथापि या घटनेंत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. समितीनें आपल्या प्रयोगाची रीत उघडपणें लिहून ठेवली होती, म्हणूनच दुसऱ्यास ती पारखतां आली. जें माप स्वतःच्या परीक्षेस उभें राहत नाहीं, तें बरोबर असलें तरी त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

याच सुमारास अभ्यासकांच्या हातीं आणखी एक युक्ति चांगलीच रुळली होती. सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनीं 1833 सालीं सुचविलेली व चार्ल्स व्हीटस्टन यांनीं 1843 सालीं प्रसिद्धीस आणलेली रोधमापनाची मांडणी तागडीच्या तत्त्वावर चालते. एका बाजूस अज्ञात रोध, दुसऱ्या बाजूस ज्ञात रोध. दोन्हींचा तोल जमला म्हणजे मधल्या गॅल्व्हनोमीटरमधून प्रवाह जात नाहीं. येथें कांट्याला ‘किती?’ असें विचारावयाचेंच नाहीं. ‘आहे कीं नाहीं?’ एवढेंच विचारावयाचें. कांट्याचें प्रमाण ढळलें असलें तरी बिघडत नाहीं. तो शून्य खरें दाखवीत असला म्हणजे पुरे. दाबाच्या मापनासही हीच युक्ति लागूं पडली. 1893 सालीं एडवर्ड वेस्टन यांनीं पारा व कॅडमियम यांचा जो घट तयार केला, त्याचा दाब 20 अंश उष्णतेवर सुमारें 1.018 व्होल्ट इतका अढळ राही. प्रयोगशाळांत हा घट देव्हाऱ्यांतील मूर्तीप्रमाणें जपला जाई. त्याच्याकडून कामाचा प्रवाह कधींच घ्यावयाचा नाहीं, केवळ तोल जुळविण्यापुरती त्याची साक्ष काढावयाची, असा नियम होता.

प्रयोगशाळेंतील ही सोंवळी व्यवस्था कारागिराच्या कामाची नव्हती. त्याला खांबावर चढून, तळघरांत उतरून दोष शोधावयाचा असे. ब्रिटिश टपालखात्यांतील डोनल्ड मॅकेडी या इंजिनिअरास प्रवाह, दाब व रोध मोजण्यासाठीं तीन वेगळीं उपकरणें वागवीत हिंडण्याचा कंटाळा आला आणि त्यांतून 1923 सालीं एकाच पेटींत तिन्ही कामें करणारा मीटर निघाला. अँपियर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव ‘ॲव्हो’ पडलें. या घराण्यांतील आठवा नमुना 1951 सालीं निघाला व 2008 सालापर्यंत तयार होत होता. एका यंत्राला इतकें आयुष्य क्वचित् लाभतें.

मात्र या सोयीबरोबर एक नवा फसवेपणाही आला. मीटर सर्वस्वीं निर्दोष असूनही खोटें सांगूं शकतो. एक-एक लाख ओहमचे दोन रोध ओळीनें जोडून त्यांना 200 व्होल्टचा दाब दिला, तर मध्यबिंदूवर 100 व्होल्ट असले पाहिजेत. तेथें दर व्होल्टला 1000 ओहम रोध असलेला साधा मीटर 100 व्होल्टच्या टप्प्यावर लावला, तर तो स्वतःच एक लाख ओहमचा तिसरा रोध होऊन बसतो, प्रवाहाला नवी वाट देतो आणि जेमतेम 67 व्होल्ट दाखवितो. यंत्रांत बिघाड नाहीं, मीटरमध्यें बिघाड नाहीं; तरीही तिसरा भाग दाब गडप झाला. साक्षीदाराच्या नुसत्या हजेरीनेंच वस्तुस्थिति बदलली. हें ज्यास ठाऊक नसे तो चांगले भाग काढून टाकी व नवे बसवी, आणि शेवटीं नशिबाला बोल लावी.

कांटा फार तर सरासरी सांगतो. विजेची चाल डोळ्यांना दिसूं लागली ती 1897 सालीं फर्डिनांड ब्राउन यांनीं स्ट्रासबुर्ग येथें बनविलेल्या कॅथोड किरणांच्या नळीमुळें. तिच्यांतून ऑसिलोस्कोप निर्माण झाला. तरीही पुष्कळ वर्षें तो चित्र दाखवी, माप देत नसे. लहर पडद्यावर सरकत राही. 1946 सालीं अमेरिकेच्या पोर्टलंड शहरांत हॉवर्ड व्होलम व जॅक मरडॉक यांनीं सहकाऱ्यांसह टेक्ट्रॉनिक्स ही संस्था स्थापिली. तिच्या 1947 सालच्या यंत्रानें प्रत्येक वेळीं लहरीच्या ठराविक बिंदूपासूनच रेखाटनास आरंभ करून चित्र स्थिर केलें. त्यामुळें काळ व दाब हे दोन्ही विश्वासानें मोजतां येऊं लागले.

अशा यंत्रांत व्हॉल्व्ह पुष्कळ, कंडेन्सर त्याहून पुष्कळ. तेव्हां तें केव्हां तरी बिघडणार, हें त्याच्या निर्मात्यांनीं गृहीत धरलेलें होतें. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकांत संपूर्ण नकाशा असे. कोणत्या जागीं किती दाब असावा व लहरीचा आकार कसा असावा, हेंही छापलेलें असे. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांत आंतील भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर चांदीच्या खांचांत डाखलेले असत. साधा कथिलाचा डाख पुनःपुन्हां लावला तर ती चांदी सुटून येई. म्हणून चांदी मिसळलेल्या डाखाचें एक लहानसें रीळ यंत्राच्या पोटांतच बसविलेलें असे. वीस वर्षांनीं कोणी तरी अनोळखी कारागीर हें झांकण उघडील, याचा विचार करून ठेवलेली ती शिदोरी होती.

त्या कारागिराच्या कामाचा क्रम अनुभवानें ठरत गेला, आणि आजही तो फारसा बदललेला नाहीं. प्रथम दोष खरोखर यंत्रांतच आहे कीं बाहेरच्या तारेंत, खुंटीच्या चुकीच्या जागेंत किंवा मोजल्या जाणाऱ्या वस्तूंत आहे, हें पाहावयाचें. त्यासाठीं ज्याचें माप आधींच ठाऊक आहे अशी वस्तु यंत्रास दाखवावयाची. मग झांकण काढून डोळे व नाक यांना काम द्यावयाचें. करपलेला रोध, फुगलेला कंडेन्सर, काळवंडलेला सांधा हीं पुष्कळदां आपण होऊन सांगतात. त्यानंतर वीजपुरवठ्याकडे वळावयाचें, कारण मुळालाच पाणी नसेल तर फांद्या तपासून काय उपयोग? जुन्या यंत्रांत ॲल्युमिनियमचे कंडेन्सर सर्वांत आधीं दगा देतात. त्यांच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा वर्षानुवर्षें वापर नसला म्हणजे विरत जातो. असें यंत्र एकदम पुऱ्या दाबावर सुरू केल्यास कंडेन्सर फुटण्याची भीति असते. तेंच त्यास मोठ्या रोधांतून हळूहळू दाब दिला तर कित्येकदां पापुद्रा पुन्हां धरतो. मूर्च्छा आलेल्या माणसास एकदम उभें करूं नये, तसाच हा प्रकार आहे. ऑसिलोस्कोपच्या नळीस कांहीं हजार व्होल्ट लागतात, आणि वीज बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्यें दबा धरून राहतात. म्हणून रोधामधून ते रिते केल्याशिवाय हात आंत घालावयाचा नाहीं. आणि चालू यंत्रांत मोजणें भागच पडलें तर एक हात खिशांत ठेवावयाचा, म्हणजे प्रवाहाला छातींतून वाट मिळत नाहीं.

पुरवठा ठीक असला तर शोध अर्ध्याअर्ध्यानें करावयाचा. सोळा टप्प्यांच्या यंत्रांत पहिल्यापासून एकेक टप्पा पाहत गेल्यास पंधरा वेळां तपासावें लागेल. उलट मधल्या टप्प्यावर लहर शुद्ध आहे कीं नाहीं एवढें पाहिलें तर अर्धें यंत्र संशयांतून सुटतें. उरलेल्याचें पुन्हां अर्धें करावयाचें. असें केल्यास चार तपासण्यांत चोर सांपडतो. सर्वांत अवघड दोष तो, जो कधीं येतो व कधीं जातो. त्याच्यासाठीं भाग तापवून पाहावा, थंड करून पाहावा, लांकडी काडीनें सांध्यावर टिचकी मारावी. आणि तो दिसेपर्यंत धीर धरावा.

या विद्येंतील पहिला निषेध असा कीं, कारण सांपडण्यापूर्वीं मापाचा मेळ बसविण्याच्या खुंट्यांना हात लावूं नये. आकडा कमी येतो म्हणून खुंटी पिळून तो पुरा करणें म्हणजे जमाखर्च जुळत नाहीं म्हणून वहींतील एक रक्कम खोडून दुसरी लिहिणें होय. वही जुळते, पण तिजोरींतील तूट तशीच राहते. दोष काढावयाचा, मग भाग बदलावयाचा, आणि सर्वांच्या शेवटीं, दुसऱ्या खात्रीच्या मापकाशीं ताडून, मेळ बसवावयाचा.

ही शिस्त एखाद्या दुकानापुरतीच महत्त्वाची आहे असें नाहीं. विसाव्या शतकांतील एक अत्यंत मोठा शोध केवळ याच शिस्तीमुळें लागला. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत होल्मडेल येथें बेल प्रयोगशाळेचा शिंगाच्या आकाराचा एक प्रचंड अँटेना होता. कृत्रिम उपग्रहावरून परत येणाऱ्या क्षीण लहरी ऐकण्यासाठीं तो उभारला होता. 1964 सालीं आर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन यांनीं तो आकाशाच्या मापनासाठीं हातीं घेतला. अशा यंत्रांत खरखरीचें माप उष्णतेच्या अंशांत देण्याची चाल आहे. तुलनेसाठीं त्यांनीं द्रवरूप हेलियमनें थंड केलेलें एक प्रमाण जोडलें आणि यंत्राकडून आळीपाळीनें आकाश व तें प्रमाण यांची साक्ष घेतली. हिशेब असा आला: डोक्यावरील आकाशाकडून एकूण 6.7 अंश, त्यांपैकीं वातावरणाचे 2.3, अँटेनाच्या धातूचे व मागील बाजूनें शिरणाऱ्या लहरींचे 0.9. उरले 3.5 अंश. त्यांचा धनी कोणी नव्हता.

याच अँटेनावर 1961 सालींही सुमारें तीन अंशांची वाढ दिसली होती; पण ती मापनाच्या संभाव्य चुकींत सामावते म्हणून सोडून देण्यांत आली होती. पेंझियस व विल्सन यांनीं ती सोडली नाहीं, आणि तिला आकाशांतील चमत्कारही म्हटलें नाहीं. त्यांनीं प्रथम यंत्रावरच संशय घेतला. न्यूयॉर्क शहराकडे तोंड करून पाहिलें. खरखर वाढली नाहीं. ऋतु बदलले, खरखर बदलली नाहीं. अँटेनाच्या रिव्हेट मारलेल्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, फरक नगण्य. शिंगाच्या आंत पारव्यांच्या एका जोडप्यानें घर केलें होतें व आंतील पत्रा विष्ठेनें माखला होता. पारवे पकडून दूर पाठविण्यांत आले. ते परत आले, आणि शेवटीं त्यांना प्राणास मुकावें लागलें. पत्रा धुऊन काढला. तरीही 3.5 अंश जवळजवळ तसेच.

सुमारें वर्षभराच्या या झाडाझडतीनंतर त्यांना कळलें कीं, जवळच्याच प्रिन्स्टन येथें रॉबर्ट डिकी व त्यांचे सहकारी विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष शोधण्याची तयारी करीत आहेत. ज्या आळीपाळीच्या तुलनेनें होल्मडेलचें यंत्र पारखलें गेलें, ती पद्धति पूर्वीं डिकी यांनींच प्रचारांत आणलेली होती, हा योगायोगही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. 1965 सालीं दोन्ही लेख एकाच वेळीं प्रसिद्ध झाले. 1978 सालीं पेंझियस व विल्सन यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पारव्यांची घाण साफ केल्याची ही कथा विनोदानें सांगितली जाते. परंतु ती साफ केली नसती तर त्या 3.5 अंशांवर कोणीं विश्वास ठेवला असता? यंत्राचे सर्व संभाव्य दोष एकामागून एक वगळले, म्हणूनच उरलेला आकडा विश्वाचा ठरला.

मापनयंत्रांविषयींचा हाच आग्रह महाराष्ट्राच्या भूमीवरही एका विदुषीनें आयुष्यभर धरला. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें 1928 सालीं शिमल्याहून पुण्यास आलें, आणि ‘शिमला ऑफिस’ हें नांव पुणेकरांच्या तोंडीं कायमचें बसलें. तेथील उपकरणविभागांत 1948 सालीं ॲना मणी दाखल झाल्या. बंगळूर येथें सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेंत काम करून व ब्रिटनमध्यें हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून त्या आल्या होत्या. तोंपर्यंत साधीं उपकरणेंही परदेशांतून येत. मणी यांनीं सुमारें शंभर उपकरणांचे नकाशे प्रमाणित करून त्यांची घडण येथेंच सुरू करविली, आणि पुढें वातावरणांतील ओझोन मोजणारें, फुग्याबरोबर वर जाणारें यंत्रही सिद्ध केलें. चुकीचें माप घेण्यापेक्षां माप न घेतलेलें बरें, अशी त्यांची धारणा होती. ओझोनच्या बाबतींत ही धारणा किती मोलाची होती, हें पुढें दक्षिण ध्रुवाकडे दिसून आलें.

अंटार्क्टिकांतील हॅले या ब्रिटिश ठाण्यावर 1957 च्या सुमारापासून डॉब्सन यांच्या पद्धतीच्या यंत्रानें ओझोन मोजला जात होता. हें यंत्र सूर्यप्रकाशांतील दोन जंबुपार किरणांची तुलना करतें. एक ओझोनमध्यें अधिक शोषला जाणारा, दुसरा कमी. ऑक्टोबरांतील जें माप पूर्वीं 300 एककांच्या आसपास असे, तें 1980 नंतर झपाट्यानें उतरूं लागलें. जोसेफ फार्मन यांना प्रथम यंत्र जुनें झाल्याचा संशय आला, आणि तो अगदीं योग्य होता. दुसरें यंत्र पाठविण्यांत आलें. त्यानेंही तीच साक्ष दिली. दुसऱ्या ब्रिटिश ठाण्यावरील नोंदींतही उतार दिसला. तेव्हां 1985 सालच्या मे महिन्यांत फार्मन, ब्रायन गार्डिनर व जॉनथन शँकलिन यांनीं तो निष्कर्ष जाहीर केला. अमेरिकेच्या उपग्रहानेंही हे नीच आकडे टिपलेले होते. परंतु इतकें कमी माप असंभाव्य मानून गणकयंत्राच्या नियमानें त्यांवर ‘संशयित’ अशी खूण पडत होती. पुनर्तपासणींत तेही खरे ठरले. 1987 सालीं माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं ओझोन नष्ट करणाऱ्या द्रव्यांवर निर्बंध घालण्याचा करार केला. जमिनीवरचें तें जुन्या पद्धतीचें यंत्र दोषी म्हणून नुसतें कपाटांत ठेवलें गेलें असतें, तर या कराराला किती विलंब झाला असता याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

परंतु यंत्र नेहमींच खरें ठरतें असेंही नाहीं. 2011 सालच्या सप्टेंबरांत युरोपांतून एक आश्चर्यकारक वार्ता आली. जिनिव्हाजवळील सर्न येथून निघालेले न्यूट्रिनो नांवाचे सूक्ष्म कण भूमीच्या पोटांतून सुमारें 730 किलोमीटर जाऊन इटलींतील ग्रान सासो पर्वताखालील प्रयोगशाळेंत पोंचत. हा प्रवास सेकंदाच्या एक हजारांश भागाच्या सुमारें अडीचपट वेळांत होई. ‘ऑपेरा’ या प्रयोगाच्या घड्याळाप्रमाणें ते कण प्रकाशापेक्षां सुमारें 60 अब्जांश सेकंद आधींच येत होते. इतक्या वेळांत प्रकाश अवघे 18 मीटर जातो. पण अंतराचें माप 20 सेंटिमीटरपर्यंत खात्रीचें होतें आणि नोंदी सुमारें पंधरा हजार होत्या. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचा पायाच हलल्याची चर्चा जगभर सुरू झाली.

पंधरा हजार नोंदी, पण सर्व एकाच घड्याळाच्या; वाण्याच्या त्याच तागडींत साखर पंधरा हजार वेळां तोलली गेली होती. पर्वताखालीं उपग्रहाचा कालसंकेत थेट पोंचत नाहीं. तो बाहेर घेऊन आठ किलोमीटरांहून लांब काचतंतूनें आंत आणलेला होता. घड्याळाशीं तो तंतु ज्या जोडाच्या द्वारें जडवितात, तो जोड पुरता पिळलेला नव्हता. त्यामुळें प्रकाश कमी पडे, पलीकडील ग्राहकास संकेत ओळखण्यास उशीर होई, आणि घड्याळ सुमारें 73 अब्जांश सेकंद मागें राही. मागें पडलेल्या घड्याळानें पाहिलें तर प्रत्येक पाहुणा वेळेपूर्वींच आलेला दिसणार! त्याच घड्याळाच्या आंदोलकांत दुसरा एक लहान दोषही होता; तो उलट दिशेनें चूक घालीत असल्यामुळें पहिल्या दोषाचा थोडा भाग झांकीत होता.

दोष 2012 सालच्या फेब्रुवारींत जाहीर झाला. परंतु तो केवळ सांपडला म्हणून काम भागत नव्हतें. तो केव्हांपासून होता, हेंही सिद्ध करावयाचें होतें. येथें शेजारधर्म कामास आला. त्याच पर्वताखालीं ‘एल. व्ही. डी.’ नांवाचा दुसरा प्रयोग स्वतःच्या घड्याळावर चालत होता. आकाशांतून येणारे कांहीं कण दोन्ही यंत्रांतून आरपार जात. त्यांच्या जुन्या नोंदी ताडून पाहतां, 2008 सालापासून 2011 च्या अखेरीपर्यंत ऑपेराचें घड्याळ तितक्याच काळानें मागें असल्याचें दिसून आलें. त्याच वर्षीं ग्रान सासो येथील चारही प्रयोगांनीं न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशीं जुळत असल्याचें सांगितलें. मधल्या काळांत ऑपेराच्या प्रमुखांनीं व समन्वयकांनीं पदत्याग केला होता. तथापि त्या मंडळींविषयीं एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. आपला आकडा जाहीर करतांना त्यांनीं आपल्यावर विश्वास ठेवा असें म्हटलें नव्हतें. इतरांनीं तो तपासावा, अशीच विनंती केली होती.

होल्मडेल, हॅले व ग्रान सासो या तिन्ही ठिकाणीं आकडा अनपेक्षित होता. दोन ठिकाणीं यंत्र खरें निघालें, एका ठिकाणीं खोटें. आकड्याकडे नुसतें पाहून हा भेद कोणासही करतां आला नसता. अपेक्षेविरुद्ध आलेलें माप खोटें मानणारा मनुष्य ओझोनचें छिद्र गमावून बसतो. आणि चमत्कारास भुलणारा मनुष्य सैल जोडाला निसर्गनियम समजतो. दोघांनाही वांचविणारा उपाय एकच: ज्याचा पहिल्या यंत्राशीं कांहींही संबंध नाहीं, असा दुसरा साक्षीदार. आणि एक पथ्य त्याहून कठीण आहे. नको असलेल्या आकड्यावर जितका संशय घेतला जातो, तितकाच हव्याशा आकड्यावरही घेतला पाहिजे. जें माप अपेक्षेप्रमाणें येतें त्याचे सांधे सहसा कोणी तपासीत नाहीं. आणि मापनयंत्रांतील कित्येक दोष तेथेंच वर्षानुवर्षें सुखानें नांदतात.

1962 सालीं केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अतिशीत धातूंच्या सांध्यांविषयीं जें भाकीत केलें, त्यावरून व्होल्टचें माप लहरींच्या गणतीनें ठरवितां येऊं लागलें आणि वेस्टनच्या घटाची पूजा मागें पडली. 20 मे 2019 पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतींतील मूळ एककें निसर्गाच्या स्थिर संख्यांवर आधारलीं आहेत. ती कसोटी झिजत नाहीं, तेलकट होत नाहीं आणि कोणाच्या मालकीची नाहीं. परंतु त्या संख्येपासून दवाखान्यांतील, कारखान्यांतील किंवा दुरुस्तीच्या दुकानांतील कांट्यापर्यंत पोंचावयाचें तर मध्यें तारा आहेत, डाख आहेत, जोड आहेत. आणि ते घट्ट बसले आहेत कीं नाहींत, हें अजूनही कोणी तरी झांकण उघडून, हातानें चांचपूनच पाहावें लागतें.